ऑपरेटरबाईंचा कान

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईंनी एकतीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर स्विचबोर्ड आणि जोडून दिलेल्या लाइनीवर अख्ख्या गावाचं बोलणं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कसला आजार निघाला, सगळं त्यांच्या कानावर पडे. ओठांवर मात्र कधी आलं नाही. एकदा वरच्या साहेबांनी सहज विचारल्यासारखं केलं, "डॉक्टर वकिलाशी काय बोलत होते हो?" बाई म्हणाल्या, "खरखर फार होती, साहेब." साहेब काय समजायचं ते समजले.

निवृत्तीनंतर बाई रोज वाचनालयात जाऊ लागल्या. तिथे फुकट वायफाय येणार असल्याचं त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी कॉम्प्युटरवाली. ती लगेच म्हणाली, "आई, अशा वायफायवर तू कुठल्या साइटवर जातेस ते मधल्या माणसाला दिसू शकतं. आधी फोनमध्ये व्हीपीएनचं अ‍ॅप टाक. म्हणजे त्याला फक्त बंद पाकीट दिसेल."

"आणि ते पाकीट उघडतं कोण?"

"व्हीपीएनची कंपनी."

"म्हणजे ऑपरेटर बदलला, एवढंच! मग तो पोटात ठेवणारा आहे का, हे आधी बघायला हवं."

मुलगी हसली. "आई, आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात हे येत नाही गं."

दोघींनी दोन संध्याकाळी खपून, अटी वाचून एक व्हीपीएन निवडलं.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालांनी वायफायचा फॉर्म पुढे केला. लोक डोळे मिटून सह्या ठोकत होते. बाईंनी चष्मा पुसला आणि फॉर्म शेवटपर्यंत वाचला. नाव, फोन, जन्मतारीख; आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, कोण काय बघतो याची नोंद ठेवून ती इतरांना द्यायची परवानगी.

"बाई, करा हो सही, फुकट आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"फुकट आहे तर जन्मतारीख कशाला? केक पाठवणार आहेत का?"

सही न करता, फॉर्म घेऊन बाई थेट वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत जाऊन बसल्या. वायफाय कंपनीचा माणूस तिथे होताच. बाईंनी तळातल्या ओळी वाचून दाखवल्यावर तो हसून म्हणाला, "आजी, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

बाई उभ्या राहिल्या. "मी एकतीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकलं. लपवण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. पोराला ताप आहे, बहीण अजून रुसलेली आहे, असलंच सगळं. पण त्यातलं एक अक्षर जरी मी बाहेर सांगितलं असतं, तर तुम्ही मला त्या खुर्चीवर ठेवलं असतं का?"

मग अध्यक्षांनी फॉर्म ओढून घेतला आणि नाव, फोन, जन्मतारखेच्या रकान्यांवर आणि तळातल्या ओळींवर काट मारली. कंपनीच्या माणसाने दोन-तीन फोन केले, तोंड वाकडं केलं, पण शेवटी मान्य केलं. आता दारात एक चिठ्ठी मिळते, तिच्यावर त्या दिवसापुरता पासवर्ड असतो. नाव नाही, जन्मतारीख नाही.

दर बुधवारी खिडकीजवळच्या टेबलाशी बाई लोकांना व्हीपीएन समजावून द्यायला बसतात. निवृत्त ड्रायव्हर येतात, शिंपीणबाई येते, परवा तर खुद्द ग्रंथपाल फोन घेऊन आले आणि खाली मान घालून म्हणाले, "बाई, मलाही ते व्हीपीएन टाकून द्या ना."

"टाकून नाही देणार," बाई म्हणाल्या. "शिकवीन. बसा, आणि आधी चष्मा लावा."