सैल नाडीचे बूट

जालन्याच्या बुटांच्या दुकानात मी चक्क खोटं बोलले. "मला हलकेच पाहिजेत, स्पीडसाठी," असं म्हणाले. दुकानदाराने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, हायस्कुलात मराठी शिकवणारी बाई. हिला कुठे पोचायची घाई आहे, हा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सोबत आलेल्या खेळाच्या मॅडम तर हसल्याच.

"कसलं स्पीड, बाई? तुम्ही मागच्या रेषेवर उभ्या राह्यता आणि बॉल आला की परत पाठवता. तेच तुमचं चांगलं आहे. पळायचं काम माझं."

त्या आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या. वडीगोद्रीच्या पुढे साखर कारखान्याच्या कॉलनीत मुरुमाचं एक टेनिस कोर्ट आहे, कोणे एके काळी कुणा हौशी साहेबाने करून घेतलेलं. मॅडम तिथे एकट्याच भिंतीवर बॉल मारायच्या. त्यांना कुणी जोडीदार मिळेना, म्हणून एका संध्याकाळी मला ओढून नेलं. मी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून उभी राहिले आणि कसं कोण जाणे, मला ते जमलं. तेव्हापासून आमची जोडी. जिल्ह्याला महिला कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा होत्या आणि दुहेरीत उतरायचं मॅडमनी ठरवलं होतं. त्यांची बदली वाटूरकडे होणार हे जवळजवळ पक्कं होतं. तिकडे ना कोर्ट, ना जोडीदार. म्हणजे त्यांच्यासाठी एवढी एकच संधी उरली होती, आणि ती माझ्या पायांवर होती. हे मला दुकानात उभं असतानाही चांगलं ठाऊक होतं.

दुकानदाराने दोन जोड समोर ठेवले. एक इतका हलका की हातात घेतला तर रिकामा डबा उचलल्यासारखं वाटावं. वरून मच्छरदाणीसारखी जाळी, खाली अरुंद तळवा. दुसरा जड, पसरट तळव्याचा, दोन्ही बाजूंनी कड वर आलेली. मॅडमनी दोन्ही बुटांच्या टाचा अंगठ्याने दाबून दाखवल्या. हलक्याची टाच लगेच आत गेली, जडाची हलली नाही.

"हलक्यात पाय पुढं जल्दी जातो, बराबर. पण आडवं पळताना टाचेला धरून ठेवायला काहीच न्हाई. मुरुमावर तर बिलकुल न्हाई. आणि तुमचा घोटा आधीच मुडपतो."

मी जड जोड पायात घालून पाहिला. पाय कसा कुणीतरी धरल्यासारखा राहिला. मग काढायला वाकले. नाडी वरपासून खालपर्यंत सैल करावी लागली, दोन्ही हात लावावे लागले. तिथेच माझा निर्णय झाला. मी हलका जोड घेतला.

खरं कारण आमच्या गावातला पार होता. मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या त्या पारावर संध्याकाळी गावातली वयस्कर माणसं बसतात, त्यांत माझे सासरेही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं की पारापुढून जाताना चपला हातात घ्यायच्या, मोठी माणसं बसलेली असतात. मी घेत गेले. पुढे सासूबाई गेल्या. मागून आलेल्या सुना सँडल घालून, फोन कानाला लावून तिथून स्कूटीवर भुर्रकन जाऊ लागल्या, तरी मी घेतच राहिले. चप्पल आपोआप पायातून निघते, हात आपोआप खाली जातो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. वर्गात समानतेचा धडा शिकवताना माझा आवाज चांगला चढतो. त्याच संध्याकाळी मी पारापुढून अनवाणी जाते, ही गोष्ट बूट घेईपर्यंत माझ्या मनातही आली नव्हती.

बूट पिशवीत घालून नेता आले असते. पण मला ते घालून घरातून निघायची भारी हौस होती. आयुष्यातले पहिले खेळाचे बूट होते ते. मग मी एक युक्ती काढली. नाडीची एकदाच सैल गाठ मारून ठेवली, म्हणजे पाय चपलेसारखा आत जाईल आणि चपलेसारखाच बाहेर येईल. घरून बूट घालून निघायचं, पाराच्या अलीकडे काढून हातात घ्यायचे, पलीकडे गेल्यावर पुन्हा घालायचे, आणि हायवेला मॅडमच्या स्कूटीवर बसायचं. कोर्टावर मॅडम रोज म्हणायच्या, "बाई, नाडी आवळा." मी वाकून आवळल्यासारखं करायची. शाळेतल्या चुकार पोरींना मी याच लबाडीसाठी उभं करते.

स्पर्धा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. मॅडम जाळीजवळ होत्या. बॉल माझ्या डाव्या बाजूला दूर पडला आणि मी कधी नव्हे ती पळाले. पाय मुरुमावर घसरला, टाच बुटातून अर्धी बाहेर आली आणि घोटा आत वळला. कट असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मॅडम धावत आल्या. आधी त्यांनी माझा पाय पाहिला, मग नाडीची गाठ पाहिली. 

त्या दिवशी त्यांनी स्कूटी थेट गावात घातली, मला घरी सोडायला. पार दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबवा." त्यांना वाटलं, चक्कर येतेय. मी त्यांच्या खांद्याला धरून खाली उतरले, एका पायावर उभी राहिले आणि सुजलेल्या पायातला बूट ओढू लागले. इतके दिवस सहज निघणारा तो बूट सुजेमुळे आता निघेना. डोळ्यांत पाणी आलं तरी मी ओढतच होते. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाराकडे, आणि पायात अडकलेल्या सैल नाडीच्या बुटाकडे पाहून त्यांना सगळं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान खाली घातली, जणू काही बघू नये ते बघितलं.

"बाई, बूट काहून काढून राह्यल्या?" सासऱ्यांनी पारावरून विचारलं. "पाय केवढा सुजलाय."

मी काही बोलायच्या आत त्यांच्या शेजारचे म्हातारे म्हणाले, "त्या रोजच काढतेत. नवे हायेत, झिजतील म्हून जपतेत."

"तसं न्हाई," सासरे म्हणाले. "मारुतीम्होरून जातेत म्हून काढतेत. लई भाव आहे त्यांचा."

"मामा, तुम्ही बसलेले असता म्हणून," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला परत सांगावं लागलं.

 सासरे हळूच म्हणाले, "आमच्यासाठी? अवो, आता कोण काढतंय? तुम्ही मास्तरीणबाई, गावाला शिकवता. मला सांगायचं तरी होतं." माझे कान तापले. जो मान मी इतकी वर्षं देत होते तो कुणाला पोचलाच नव्हता. एकाला मी कंजूष वाटत होते, दुसऱ्याला भाविक. आणि न पोचलेल्या त्या मानापायी मी एका बाईची एकुलती एक स्पर्धा घालवली होती.

घरी खाटेवर बसवून मॅडमनी माझा पाय उशीवर ठेवला. मी माफी मागितली. "पुढच्या वर्षी बघू," त्या म्हणाल्या. पुढचं वर्ष नाही, हे दोघींनाही माहीत होतं. बदलीचा आदेश आला, त्या वाटूरला गेल्या. अधूनमधून फोन येतो. पायाची चौकशी करतात, बुटांचा विषय काढत नाहीत. त्यांच्या या चांगुलपणाची मला अजून लाज वाटते.

पाय बरा झाल्यावर मी जालन्याला जाऊन तेच जड, पसरट तळव्याचे बूट आणले. घरून नाडी घट्ट आवळून, एकटीनेच भिंतीवर बॉल मारायला निघाले. पारापर्यंत आले आणि पाय थांबले. ठरवून आले होते, तरी हात नाडीकडे गेलाच. लगेच सावरले आणि तशीच पुढे निघाले, पण सासऱ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर मी गल्लीच्या वळणावर दिसले की ते पारावरून उठू लागले. आधी मला योगायोग वाटला. मग लक्षात आलं की रोजच उठतात, काठी टेकत देवळामागच्या लिंबाकडे जातात आणि मी पलीकडे गेले की परत येऊन बसतात. एकदा मी घरी म्हणाले, "मामा, तुम्ही बसत जा. मी आता काढत नाही."

"बसून बसून गुडघे आखडतेत, बाई. मंग जरा फिरतो," ते म्हणाले.

पाराची पायरी उंच आहे. उतरताना त्यांचा पाय जमीन चाचपत राहतो. मी पारापाशी पोचायच्या आत उठायची घाई असते, त्यामुळे त्यांच्या वहाणा पाराखालीच राहतात. मी घट्ट बांधलेल्या बुटांत तिथून जाते तेव्हा ते लिंबाखाली पाठमोरे उभे असतात, अनवाणी.