अण्णाचा भोंगा

बँडमधला बास अंगावर चढवायच्या आधी अण्णा त्याच्या तोंडावर थाप मारायचा आणि आत वाकून ओरडायचा, "हाय का रं कुनी?" बघणाऱ्याला वाटायचं माणूस येडा आहे. तसं नव्हतं. वरातीत माडीवरची पोरं त्या पितळी तोंडात नेम धरून शेंगांची टरफलं टाकायची. एकदा तर आतून अख्खं लिंबू निघालं होतं. अण्णा त्या पोरांना कधी शिव्या देत नसे. म्हणायचा, "टाकू दे की. माझ्याकडं बगून टाकत्यात न्हवं? बाकी सगळी दुनिया क्लॅरिनेटकडं बगती."

अण्णाचं नाव रेवणसिद्ध. अक्कलकोटकडचा माणूस, घरात कानडी बोलायचा. सोलापुरात आमच्या चाळीत राहायचा आणि स्टो दुरुस्त करायचा. लग्नसराई आली की बँडमध्ये बास वाजवायचा. बास म्हणजे अजगरासारखं अंगाभोवती वेटोळं घालणारं मोठं पितळी वाद्य. त्याचं तोंड माणसाच्या डोक्याच्याही वर. आवाज खालचा, जाड, पोटात घुमणारा. लोक त्याला भोंगाच म्हणायचे.

हे लिहायचं कारण अण्णाची नात, गौरी. ती पुण्यात पिक्चर काढायचं शिकली. तिनं आपल्या अज्जावर, म्हणजे आजोबावर, एक छोटा पिक्चर काढला, माहितीपट म्हणतात. तिनं अण्णाला पाहिलेलं नाही. ती जन्मायच्या आधीच तो गेला. माझ्याकडे आली, कॅमेरा लावला आणि म्हणाली, "आजोबा, अज्जांच्या आयुष्यातलं दुःख सांगा."

मी म्हणालो, "पोरी, दुःख कुणाला नसतं? मलाही आहे, माझी बायको जाऊन वरीस नाही झालं. ते काय सांगायचं? अण्णा लई हसवायचा, ते विचार."

मग तिनं सांगितलं की अण्णाचा आवाज कुठं टेपवर नाही. फोटोही धड नाही. सगळ्या फोटोंत पुढं नवरदेव आणि मागं पितळेचं तोंड, अण्णाचा चेहरा त्याच्या आड. माझ्या लग्नाच्या फोटोतही तसंच. माझ्या फेट्यामागं भोंगा आणि खाली फक्त अण्णाच्या मिशीचं एक टोक. चेहरा मी तिला तोंडी सांगितला. देवीचे वण, पान खाऊन लाल ओठ, फुंकून फुंकून सैल पडलेले गाल. हसला की ते गाल कुत्र्याच्या पिल्लागत हलायचे. ती नात, तिला चांगलं सांगायला पाहिजे होतं, पण होतं ते सांगितलं.

त्या काळी आमच्या पेठेत घड्याळ क्वचितच एखाद्याकडे. सगळा कारभार गिरणीच्या भोंग्यावर. उठायचं भोंग्यावर, भाकरी बांधायची भोंग्यावर. दुपारपाळीचा भोंगा झाला आणि तुम्ही फाटकात नसलात तर बदली कामगाराला त्या दिवशी काम नाही, सरळ घरी. मी मागावर होतो, मला ते चांगलं ठाऊक. अण्णाला एक खोड होती. गिरणीचा भोंगा सुरू झाला की हा दारात बसून बासवर तोच सूर धरायचा. वर कानडी झोकात म्हणायचा, "येनप्पा, काय बाबा, बग! गिरनीला मीच शिकवलंय."

माझं लग्न ठरलं ते मंगळवेढ्याच्या शांताशी. तिला ना बाप, ना भाऊ. मामानं वाढवलेली. त्या मामाला गिरणीवाला जावई पटलाच नव्हता. "ज्वारीचं रान सोडून पोरगी धुरात द्यायची व्हय?" असं तो उघड बोलायचा. शांताच्या आईनं हट्ट धरला म्हणून होकार दिला. पण मोडायला निमित्त शोधत होता, हे आम्हाला कळत होतं.

लग्न सोलापुरात, मुहूर्त दुपारचा. मी घोड्यावर. पुढं बँड आणि त्याच्या पुढं माझे खात्यातले दोस्त. दुपारपाळीला जायच्या आधी नाचून घेऊ म्हणून आलेले. सगळ्यात पुढं नरसय्या. तेलुगू माणूस, बदलीवर कामाला, नाचायला एक नंबर. दातात रुमाल धरून तो रस्त्यावर लोळायला लागला की बाकीचे त्याच्याभोवती कोंडाळं करायचे. क्लॅरिनेटवाले उस्मानभाई बँडचे मास्तर. ते तर पेटलेच होते, नागाची धून सोडेनात.

मांडव समोर दिसत होता, पण घोडा जागचा हलेना. मी वरून ओरडत होतो, "अरे चला, मुहूर्त चालला!" कोण ऐकतंय? नरसय्यानं मला हात करून सांगितलं, तू गप बस, नवरदेव आहेस.

तेवढ्यात मांडवातून मामा बाहेर आला. डोक्याला पटका, हातात अक्षता. भर रस्त्यात उभा राहून तो गरजला, "ह्ये काय चाललंय? हितं तमाशा बगाय आलोय व्हय आमी? मुहूर्त टळला तर पोरगी गाडीत घालून परत नेतो! मग बसा नाचत!" आणि अक्षता त्यानं खिशात घातल्या. त्या खिशात जाताना मी घोड्यावरून बघितल्या.

ते अण्णानंही बघितलं. त्यानं एकदा मामाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. गाल फुगवले, डोळे मिटले आणि धून सोडून दिली. एकच लांब, जाड सूर धरला.

भोंगा!

नरसय्याच्या दातातला रुमाल खाली पडला. "अरे भोंगा झाला! पळा!" क्षणभरात कोंडाळं फुटलं. कोण चप्पल हातात घेऊन, कोण फेटा सावरत, सगळे गिरणीच्या दिशेनं सुटले. आमचा ढोलवाला स्वतः गिरणीत होता, तोही गळ्यातल्या ढोलासकट पळाला. उस्मानभाईंच्या तोंडातून क्लॅरिनेट सुटलं, "अरे अण्णा, ये क्या कर दिया रे!"

मामा बिचारा घाबरला. "काय झालं? आग लागली का कुटं?"

अण्णा घाम पुसत म्हणाला, "न्हाय पावनं. रस्ता मोकळा झाला. काढा अक्षता भाईर."

मामाला दुसरं निमित्त शोधायला सवडच मिळाली नाही. घोडा चालला, अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या.

पंगत बसली तेव्हा दोस्तमंडळी धापा टाकत परत आली. खऱ्या भोंग्याला अजून वेळ होता, म्हणून फाटकावरचा वॉचमन त्यांना हसला होता. नरसय्या सरळ अण्णाच्या अंगावर गेला, "पोटावर भोंगा वाजवतोस व्हय रे? जीव गेला असता पळून!"

अण्णानं त्याच्या पानात बुंदी वाढली. म्हणाला, "नरसय्या, तुझा भोंगा उद्या बी हुईल. ह्येचा एकदाच हुता की."

नरसय्या बुंदी खात खात हसायला लागला. नंतर कितीतरी दिवस गिरणीचा भोंगा झाला की खात्यात कुणीतरी विचारायचं, "खरा का अण्णाचा?"

शांतानं अण्णाला भाऊ मानलं. दर भाऊबीजेला तो केसांना तेल चोपडून पाटावर बसायचा आणि ओवाळणीत स्टोच्या पिनांचं पाकीट टाकायचा. आमची भांडणं झाली की शांता त्याच्याकडं तक्रार न्यायची. तो म्हणायचा, "दोगं बी क्लॅरिनेट झालात तर गल्ली गोळा हुती. एकानं बास व्हावं." शांता मला म्हणायची, "मी होणार नाही, तुम्ही व्हा." मग झालो मी. चांगलं चाललं आमचं. भांडलो, पण चांगलं चाललं.

अण्णा गेला ते साल मला सांगता येत नाही. घरोघर गॅस आला होता आणि स्टो माळ्यावर गेले होते. शेवटी दम पुरत नव्हता त्याला. त्याच्या अंत्ययात्रेत बँड होता, पण बास घ्यायला माणूस नव्हता. उस्मानभाई वाजवता वाजवता मध्येच थांबले. म्हणाले, "नीचे से जमीनच गयी, क्या बजाऊँ?" शांता त्या दिवशी माहेरचं माणूस गेल्यासारखी रडली. ते खरंच होतं.

परवा गौरीनं तिचा पिक्चर हॉलमध्ये दाखवला. कुठल्या तरी दुसऱ्या बँडवाल्याकडून तिनं बास वाजवून घेतला होता. माझं बोलणं आलं, दोस्त पळाले तिथं सगळा हॉल हसला. तो सूर अण्णाचा नव्हता, मला लगेच कळलं. तरी पोटात घुमला. मी शेजारी वळून शांताला म्हणायला गेलो, ऐक. शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती. मग पिशवीलाच सांगितलं, "लागलं बघ आपलं लग्न पुन्हा एकदा."