डाव्या हाताचे तीन सूर

शाळेत पुण्याहून कुणीतरी पाठवलेलं खोकं आलं. आत वीस रेकॉर्डर, म्हणजे तोंडाशी शिट्टी असलेल्या प्लॅस्टिकच्या बासऱ्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमीच शिका आन् पोरींना शिकवा. स्नेहसंमेलनात वाजवू."

मला नको झालं. त्याच वर्षी आमच्या यांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात लुळा, बोलणं तुटक. सकाळी त्यांची अंघोळ उरकायची, एसटीनं शिनोलीला यायचं, दिवसभर वर्ग, परत घोडेगावात जाऊन स्वयंपाक. त्यात हे.

तरी मोबाईलवर बघून शिकू लागले. जोरात फुंकलं की बासरी किंचाळायची. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "बाई, कुकर झाला वाटतं!" हे मात्र खुर्चीत बसून ऐकायचे. एके दिवशी कंटाळून मी ती बाजूला टाकली, तर यांनी डावा हात पुढं केला.

"दे... मला."

वरची भोकं डाव्या हाताचीच असतात. खालचं टोक मी धरलं. त्यांनी फुंकलं, तर ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून नुसती हवा निसटली. पाच-सहा दिवसांनी एक सूर नीट लागला. मग दुसरा. तिसऱ्याला महिना गेला. धरून धरून माझे खांदे भरून यायचे. एकदा मी म्हणाले, "बास आता, मी दमलेय." ते तोंड फिरवून बसले. थोड्या वेळानं मीच पुन्हा टोक धरलं.

संमेलनाला दिरांनी त्यांना गाडीतून आणलं. पोरींनी दोन गाणी वाजवली, मधे चुकल्या, हसल्या. शेवटचं गाणं सोपं, तीन सुरांचं. मी यांना विचारलं, "वाजवता का?"

"न्हाई."

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी स्टेजवरून खाली आली. यांच्या वाजवण्याचं मी वर्गात सांगितलं होतं. "काका, या ना. टोक मी धरते."

माझं न ऐकणारे हे तिचं ऐकून उठले. प्रत्येक सुराला ते मागं पडत होते. पोरी थांबायच्या, सूर आला की पुढं जायच्या. दोन मिनिटांचं गाणं चांगलं लांबलं. आयाबायांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

घरी पोचल्यावर त्यांनी चहा मागितला. "पाच मिनिटं बसू द्या हो," मी म्हटलं, आणि बसल्या जागी डोळा लागला. चहा दिरांनी केला.