कोरडा नहर आणि सेक्रेटरी

आमच्या गावचा सेक्रेटरी जेवायचासुद्धा चालता चालता. ताट डाव्या हातावर, घास तोंडात आणि पाय अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून पुन्हा अंगणात. त्याची बायको म्हणायची, "यायच्या मागं मले भाजीचं गंज घेऊन फिरा लागते." पाहुणा आला तर त्यालाही उठून सोबत फेऱ्या माराव्या लागत, नाहीतर सेक्रेटरीचं निम्मं बोलणं अंगणातच राहून जायचं.

ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी वेगळा. तो झेंडावंदनाला दिसायचा. हा आमच्या नाट्य मंडळाचा सेक्रेटरी, आणि मंडळाचे बाकीचे पदाधिकारी कोण हे बहुधा त्या पदाधिकाऱ्यांनाही ठाऊक नसावं. झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. वडशाकडची मंडळी येते, साऱ्या सोयऱ्यांच्या बैलगाड्या गावात येऊन सुटतात आणि दुसऱ्या सकाळी चहा पिता पिता पोरापोरींच्या सोयरिकीही जुळतात. त्या एका रात्रीसाठी सेक्रेटरी वर्षभर धावायचा.

'होईल' या शब्दाची त्याला भारी चीड. कुणी 'होईल' म्हटलं की हा लगेच विचारायचा, "कवा?" एकदा विहारात बसलो असताना कुणीतरी म्हणालं, छत गळतं, पण होईल पुढच्या साली. सेक्रेटरी तिथूनच उठला, शिडी लावली आणि दुपारभर कवेलू फिरवत बसला. पावसाळ्यात छत पहिल्यापेक्षा जास्त गळलं. लोक हसले, तर म्हणाला, "गळू द्या. हात तं लागला." बाबासाहेबांच्या तसबिरीवर मात्र त्याने स्वतःच्या घरची ताडपत्री आणून बांधली.

नव्या गडचिरोली जिल्ह्याला अजून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. कचेऱ्या नव्या होत्या, अर्ज घेऊन जाणारे आम्ही जुनेच. त्याच सुमारास आमच्या गावाजवळून नहर खोदला गेला, आणि तो नेमका डांबरी सडकेकडे जाणाऱ्या आमच्या पांदणीवर आडवा आला. दोन्ही बाजूंना उंच पाळी, मध्ये खोल खड्डा. बैलगाडी जाणं बंद झालं. एस.टी. गाठायची तर जंगलातून लांबचा फेरा. ओव्हरसिअर साहेब यायचे आणि मोटरसायकल बंदही न करता सांगायचे, "पूल होऊन राह्यला." नहरात पाणी नव्हतं आणि नहरावर पूल नव्हता, तरी कागदोपत्री दोन्ही होतं म्हणे. तो पूल खरोखर झाला तेव्हा सेक्रेटरी या जगात नव्हता, हे आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगीच वाट पाहणार नाही.

माझी आठवीची शाळा सडकेवरच्या गावात होती. पाळीवरून उतरताना एकदा मी घसरले आणि हात मोडून घेतला. बाबांनी शाळा बंद केली. माझे बाबा वाईट नव्हते. पोरगी मास्तरीण होणार असं ते बाजारात लोकांना थांबवून सांगायचे. पण हाताला बांधलेल्या बांबूच्या कामट्या पाहिल्या आणि त्यांचा धीर सुटला. मला घरात बसून धान पाखडताना असा संताप यायचा की सूप फेकून द्यावंसं वाटे.

सेक्रेटरीला हे कळलं तसा तो आमच्या अंगणात आला आणि फेऱ्या सुरू झाल्या.

"भाऊ, पोरीले काऊन घरी बसवलं?"

"पूल झाला का जाईन ते," बाबा म्हणाले.

"अन् पूल कवा होते?"

"होईल नं जी."

"तवापर्यंत पोरगी सातवी पासच राहीन का?" एवढं म्हणून तो चहा न घेता निघून गेला. चहा न घेता आमच्याकडून कुणी जात नसे, म्हणून आई दिवसभर हळहळत राहिली.

त्या हिवाळ्यात विहारात नाटकाची बैठक बसली. बसली म्हणायचं, सेक्रेटरी उभाच होता. आमच्याकडे नाटकासाठी दरवर्षी जमीन उतरती खोदावी लागते, म्हणजे मागच्यालाही दिसतं. सेक्रेटरी म्हणाला, "औंदा खोदाचं काम नाई. सरकारनं खोदूनच ठेवलं हाये. नाटक नहरात लावू." आधी सगळे हसले. मग एकेकाच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. तळाशी रंगमंच, दोन्ही उतारांवर माणसं. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "पन सडकेकडच्या सोयऱ्याच्या गाड्या पाळीवरून येतीन कशा?" सेक्रेटरी याच प्रश्नाची वाट पाहत होता. "पाळी फोडून उतार करा लागन," तो म्हणाला.

पुलासाठी एक टोपलं माती न उचललेलं आमचं गाव नाटकासाठी कुदळ-फावडी घेऊन नहरावर आलं. पाहुण्यांची गाडी अडली तर गावाची अब्रू जाते ना. पाटलाच्या घरचे आले, आमच्या मोहल्ल्यातले आले, बाबाही आले. दोन्ही पाळी शेताच्या पातळीपर्यंत उतरल्या आणि गाडी सहज जाईल असा रस्ता झाला. नाटकाला मुलचेऱ्याकडच्या निर्वासितांच्या कॅम्पांवरून बंगाली लोकही आले, मुरमुऱ्याची पोती घेऊन. नाटक कसं झालं ते मला फारसं आठवत नाही. दुसऱ्या सकाळचं आठवतं. पाहुण्यांच्या गाड्या एकामागोमाग नहरात उतरत होत्या, पलीकडे चढत होत्या, आणि सेक्रेटरी मध्ये उभा राहून बैलांना हाकारत होता. बाबा बराच वेळ ते पाहत राहिले. मग घरी येऊन माझं दप्तर खुंटीवरून काढलं.

ओव्हरसिअर साहेब आले ते तापूनच. सरकारी नहर फोडला, केस होईल, असं म्हणू लागले. सेक्रेटरी त्यांच्यापुढे येरझारा घालत होता आणि साहेबांची मान त्याच्यासोबत इकडून तिकडे वळत होती. "फोडला नाई साहेब, उतार केला," तो म्हणाला. "तुमचा पूल झाला का त्या दिवशी बुजवून देतो. माहा शब्द हाये." पुलाचं नाव निघताच साहेबांनी मोटरसायकल सुरू केली. पावसाळ्यात तळाशी पाणी साचायचं, त्यात सेक्रेटरीने मोठे दगड टाकले. मी त्यावरून शाळेत गेले, नववीत गेले.

भाद्रपदात पाऊस रुसला. धान निसवायला आलेलं आणि बांध्यांना भेगा पडलेल्या. नेमके तेव्हाच साहेब आले आणि म्हणाले, नहराला पाणी सोडतोय, उतार बुजवा, नाहीतर सगळं पाणी तिथूनच वाहून जाईल, पुढच्या गावांना थेंब मिळायचा नाही. नहराला कधी पाणी येईल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पुलासारखंच तेही बोलाचं, असंच सगळे धरून चालले होते. सेक्रेटरी कपाळाला हात लावून म्हणाला, "पानी येईन हे मले वाटलंच नाई." त्याची स्वतःची शेती नहराच्या वरच्या अंगाला होती. तिला एक ओंजळ पाणी मिळणार नव्हतं. पण लोकांच्या वाळत्या धानापुढे तो नाही कसं म्हणणार होता?

मी त्या रात्री जेवले नाही. मला पाण्याचा राग आला, धानाचा आला, गावाचा तर सर्वात जास्त आला. धानावरच आपलं पोट आहे हे कळत होतं, तरी आला.

संध्याकाळपासून फेऱ्या मारत असलेला सेक्रेटरी शेवटी आमच्याकडे वळला. "भाऊ, चंद्रपूरले माही बहीन हाये बाबूपेठेत. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत हाये. पोरीले तिथी ठेवा. मॅट्रिक होऊ द्या."

बाबा म्हणाले, "विचार करतो."

"विचार एस.टी.त करा. सकाळी मी बुजवाले सुरू करून राह्यलो."

सकाळी अख्खं गाव टोपली घेऊन नहरावर उभं होतं. साऱ्यांना घाई होती, पाणी केव्हाही येणार होतं. सेक्रेटरीने मात्र कुणाला मातीला हात लावू दिला नाही. "थांबा. पोरगी जाऊ द्या आधी." बाबा माझी पेटी खांद्यावर घेऊन पुढे, मी मागे. दगडांवरून तळ ओलांडला, पलीकडचा उतार चढले आणि वळून पाहिलं. आई गावाच्या बाजूला उभी होती, पदर तोंडात धरून. मला काय झालं कोण जाणे, मी पेटी, शाळा, चंद्रपूर सगळं विसरून परत उतरू लागले.

सेक्रेटरीने मातीचं पहिलं टोपलं स्वतः उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत गावाकडच्या उतारावर रिकामं केलं.

"आता इकडं याले वाट नाई, बाई," तो म्हणाला. "समोर जाय." आणि तो लगेच दुसरं टोपलं भरायला वाकला.