माझ्या नावावरचं पहिलं वर्ष

शेहेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, मी इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले आणि परीक्षकाच्या देखत टाळी वाजवली. पुण्यात मी अठरा वर्षं गाडी चालवली होती, पण इथे आल्यापासून नऊ वर्षं बसच्या खिडकीशी बसून काढली. आता कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं, आणि त्या वेळेला पोचवणारी ना ट्रेन होती ना बस. गाडी नाही तर नोकरी नाही. म्हणून आम्ही एक जुनी, लहानशी लाल गाडी घेतली. पहिल्या दिवशी मी तिला पाच वेळा तरी बघून आले असेन.

मग इन्शुरन्सचा आकडा आला. गाडीच्या किमतीहून जास्त! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी तणतणत कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या मुलीने माझं पुण्याचं पुराण शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने समजावलं, की नवे ड्रायव्हर सुरुवातीच्या वर्षांत जास्त ठोकतात, आणि कुणाला मोठी दुखापत झाली तर कंपनीला जबर भरपाई द्यावी लागते. कोण नीट चालवेल हे ओळखायला त्यांच्याकडे मुख्य आधार एकच, इथे क्लेमशिवाय गेलेली मागची वर्षं. माझी पुण्यातली अठरा वर्षं त्यांच्या लेखी शून्य होती.

"तुम्ही वाईट चालवता असं नाही," ती म्हणाली, "आम्ही तुम्हाला ओळखतच नाही."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे ताक म्हणजे मी. मला हसू आलं, पण राग काही गेला नाही.

नवऱ्याने फोन घेऊन स्पीकर लावला आणि लगेच तोडगा काढला. मुख्य ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव लिहायचं, माझं खाली जोडायचं. त्याची नऊ वर्षं क्लेमशिवाय गेली होती, त्यामुळे आकडा निम्म्याहून खाली आला. आमच्याकडे घर, वीज, गॅस, सगळं त्याच्याच नावावर आहे. त्यात आणखी एक. मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या मुलीने विचारलं, ही गाडी जास्त कोण चालवणार? नवरा तर चालत ऑफिसला जातो. खोटं लिहिलं आणि अपघात झाला, तर ती फसवणूक ठरते आणि पॉलिसी रद्द होते, असंही तिने सांगितलं.

फोनवर हात ठेवून नवरा पुटपुटला, "अगं, कुणाला कळणार आहे?"

"अहो, पण वर्षं तुमच्याच नावावर चढतील," मी म्हणाले. "मी पुन्हा शून्यच."

मग मी फोन घेतला आणि सांगितलं, मीच चालवणार. तिने गाडीत ब्लॅक बॉक्स बसवायचा पर्याय दिला. आपण कसं चालवतो हे ती डबी कंपनीला कळवते, त्यावरून स्कोर ठरतो, आणि त्या बदल्यात हप्ता कमी होतो. एकदम माझ्यात बळ आलं. बघा म्हटलं, हवं तेवढं बघा!

शुक्रवारी डबी बसली आणि शनिवारी सकाळी आम्ही गाडीची पूजा केली. बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेली चार लिंबं चाकांखाली ठेवली. नवरा आरतीचं ताट धरून समोर उभा. लिंबं चिरडायला मी गाडी झपकन पुढे घेतली. बाजूला व्हायचं सोडून तो दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत बसला, आणि मी करकचून ब्रेक दाबला. कुंकू उडालं ते थेट त्याच्या शर्टावर.

फोनवर कंपनीच्या ॲपचा मेसेज आला. जोरात ब्रेक मारल्याची नोंद. असंच चालू राहिलं तर पॉलिसी रद्द होऊ शकते, असा इशाराही होता.

"आई, तुझा स्कोर खाली गेला," इथेच वाढलेली आमची लेक हसत सुटली. "फॉर लेमन्स!"

मी मात्र मेसेज पुन्हा वाचला. पॉलिसी गेली की नोकरीही गेली.

सोमवारी सहाच्या आधीच निघाले. कॉव्हेंट्रीचा मोटरवे, धुकं, शेजारून धडधडत जाणारे ट्रक, आणि डावीकडच्या सावकाश लेनमध्ये मी. पायाखाली अंडं असल्यासारखा ब्रेक दाबत होते. सात वाजायला दहा कमी असताना हॉस्पिटलात गाडी लावली आणि एकटीच मोठ्याने हसले. संध्याकाळपर्यंत स्कोर वर चढला होता. नवऱ्याने तो दिवसभरात किती वेळा पाहिला, हे त्याने मला कधी सांगितलं नाही.

वर्ष असंच गेलं. मग रिन्यूअलचा कागद आला. हप्ता चांगलाच उतरला होता. माझ्यासोबत अनुभवी ड्रायव्हरचं नाव जोडलं तर तो आणखी उतरेल, असंही लिहिलं होतं. नवरा फॉर्म भरायला बसला. मुख्य ड्रायव्हरच्या जागी त्याने माझं नाव लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं. मग विचारलं, "क्लेमशिवाय वर्षं किती?"

"एक," मी म्हणाले. अठरा वर्षं सांगताना मला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता.