प्रस्थानातलं तिकीट

दगडाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर पेंडीचं पोतं होतं आणि मागून त्यांचे थोरले भाऊ दिनकरराव मोकळ्या हातानं छत्री फिरवत चालले होते. ओळख म्हणून एवढं पुरे. पण सांगायला बसलेच आहे, तर सगळं सांगते.

मी गंगम्मा. लग्न होऊन चुडाव्याला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं दुकान स्टेशनसमोर. सासरे ईश्वरअप्पा चहा, पान, गूळ-शेंगदाणे विकायचे. गाडीची वाट बघणारी माणसं आमच्याच ओट्यावर टेकायची, त्यामुळे चार गावांची सुखदुःखं मला घरबसल्या कळायची.

दगडाबाई शेजारच्या गावच्या. नवरा पटकीच्या साथीत गेला, तेव्हापासून त्या भावाच्या घरी. भावानं बहिणीला सांभाळलं, असं लोक कौतुकानं म्हणत. पहाटे गोठा, दिवसभर रान, संध्याकाळी चूल. याला सांभाळणं म्हणायचं तर दिनकररावांनी आपले बैलही फार मायेनं सांभाळले. दगडाबाईंना एकच लेक, सुमन. तिला सिकंदराबादला दिलेली. जावई बन्सीधर तिथं गिरणीत कामाला.

सुमन बाळंत झाली, मुलगी झाली, आणि ताप काही उतरेना. जावयानं गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला, ‘आईला घेऊन या, ती सारखी आईला हाका मारायलीय.’ दगडाबाई त्याच पावली निघाल्या असत्या. पण दिनकररावांचं पाऊल पंचांगाशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. त्यांनी जोशीबुवांना विचारलं. बुधवार उत्तम निघाला.

नेमका त्याच दुपारी गिरदावर गावात मुक्कामाला येणार होता. पिकांची पाहणी करणारा सरकारी माणूस, त्याला सोडून जमीनदार जाणार कसा? तेव्हा दिनकररावांनी आपल्याकडची जुनी तोड काढली. मुहूर्त तर साधायचाय पण निघणं जमत नाही, अशा वेळी माणसं प्रस्थान ठेवतात. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधून त्या वेळेला वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडं निघालं की माणूस निघाला. मग दोन-तीन दिवसांनी सवडीनं जावं, वाराचा दोष लागत नाही.

दिनकररावांनी त्यात आपली अक्कल घातली. बुधवारी मुहूर्तावर दोन तिकिटं काढली आणि सुपारीबरोबर तीही फडक्यात बांधली.

“घ्या ईश्वरअप्पा, ठिवा तुमच्याकडं. प्रवास सुरू झाला आमचा.”

सासऱ्यांनी गाठोडं देव्हाऱ्याजवळ ठेवलं. आम्हाला गाड्यांचे आवाज ठाऊक, गाड्यांचे कायदे कुठले ठाऊक असायला! समोर गाडी उभी होती.

“दादा, गाडी हाय की. मी एकलीच जाते,” दगडाबाई म्हणाल्या.

“बाईमाणूस एकली कुठं जायलीस? शनवारी जाऊ दोघं बी.”

गाडी गेली. दगडाबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या, मग भावाच्या मागं छकड्यात बसल्या.

शनिवारी दोघं आले. गाठोडं घेऊन दिनकरराव ऐटीत स्टेशनात शिरले. सासरे त्यांना पोचवायला गेले आणि मी दगडाबाईंची पिशवी घेऊन पाठोपाठ. स्टेशनबाबूनं तिकीट उलटंपालटं केलं.

“हे बुधवारचं हाय, साहेब. बाद झालं.”

“बुधवारचंच हाय. आमी बुधवारीच निघालो.”

“निघालात? समोर तर उभे हायत!” बाबू हसला. मग दगडाबाईंच्या तोंडाकडे बघून त्यानं हसू आवरलं आणि नीट समजावून सांगितलं. बुधवारी गाडी सुटायच्या आत येऊन सांगितलं असतं, तर थोडा आकार घेऊन तारीख बदलून दिली असती. गाडी सुटल्यावर लगेच परत केलं असतं, तरी काही कापून बाकीचे हातात आले असते. आता दोन्ही मुदती टळल्या. नवं तिकीट काढा आणि बसा.

“मी देतो तिकिटाचे, राव,” सासरे पुढं झाले.

“पैशाचा सवाल न्हाई, अप्पा. आज नवं काढलं तर प्रस्थान मोडलं. मंग आमी शनवारी निघालो असं होतंय. सिकंदराबाद पूर्वेला, आन् शनवारी पूर्वेला दिशाशूळ, जाणंच अशुभ. त्या आजारी पोरीच्याच जिवावर बेतंल.”

“मग तसेच बसा. पुढं दंड भरा,” बाबू कंटाळून म्हणाला.

“दंड? मी काय चोर हाय?”

सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तो हा. रेल्वेचा कायदा निदान सरळ होता. पैसे टाकले की चूक पुसली जात होती. दिनकररावांच्या कायद्यात तेवढीही सोय नव्हती.

दगडाबाईंनी सगळ्यांदेखत भावाचे पाय धरले. “दादा, शूळ लागायचा तर मला लागू दे. मला जाऊ दे.” दिनकररावांनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि गाडी हलेपर्यंत दंड सोडला नाही. मी बघत होते. इतकी वर्षं झाली, पण त्या हाताचा मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी अमावास्या, सोमवारी पुन्हा पूर्वेला दिशाशूळ, मंगळवार तर नकोच. थेट बुधवारी जाऊ, असं सांगून दिनकरराव गावी गेले. दगडाबाई गेल्या नाहीत. आमच्या ओट्यावर बसून राहिल्या. भाकरी पुढं केली की म्हणायच्या, “ठिव गं, खाते.” भाकरी तशीच राहायची. रविवारीही गाडी आली आणि गेली. त्यांच्याकडे ना पैसा, ना बाईनं एकटं जायची रीत. सासऱ्यांना मी हळूच म्हटलं, आपणच बसवून देऊ. ते म्हणाले, त्यांच्या घरातलं आहे, आपण कसं पडावं?

सोमवारी सकाळी बाबू रूळ ओलांडून आमच्या दुकानात आला. हातात तार होती. वाचून दाखवायची गरजच पडली नाही.

निरोप पोचताच दिनकरराव छकडं पिटाळत आले. जोशीबुवा नाही, पंचांग नाही. धावत खिडकीशी गेले आणि दोन नवी तिकिटं घेऊन आले.

“ऊठ दगडे, गाडी यायलीय. मातीला तरी पोचू.”

दगडाबाईंनी मान वर केली. “दादा, आज सोमवार हाय.”

“मौतीला वार बघत न्हाईत, बाई.”

“आन् जिती व्हती तवा कामून बघितला?”

गाडी आली. दगडाबाईंनी भावाच्या हातातून आपलं एक तिकीट काढून घेतलं आणि जनाना डब्यात एकट्या जाऊन बसल्या.