चिवचिवणारी बेल

समोरच्या वहिनींनी आज सत्यनारायणासाठी जिना झाडला आणि दाराबाहेर टांगलेल्या कुंडीतलं बुलबुलाचं घरटंही काढून टाकलं. त्यात दोन अंडी होती. सुपलीत फुटलेली मी पाहिली.

"काय करणार, घरात पूजा. आणि ही पाखरं नुसती घाण करतात हो," वहिनी म्हणाल्या.

घाण! मला तर त्यांच्या फिनेलने पुसलेल्या लखलखीत फरशीचीच शिसारी आली.

बुलबुलाची जोडी कठड्यावर बसून कुंडीकडे बघत होती. तेवढ्यात पाहुण्यांनी वहिनींची बेल दाबली. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या बेलला पाखरांचाच आवाज आहे. असली पाखरं घरात चालतात, ती शिटत नाहीत. आतून चिवचिवाट झाला तशी कठड्यावरची दोघं माना वळवून त्या बंद दाराकडे बघू लागली.

दुपारी माझी बेल चिवचिवली. दारात वहिनी, हातात प्रसादाची वाटी. दारातच एक घास खाऊन मी म्हणाले, "शिरा अगदी छान झालाय हं, वहिनी!"